जालन्यातला मिठाचा धडा

रत्नागिरीत परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो, "जालन्याला? तिथे काय आहे बघण्यासारखं?" आमच्याकडे असा समज आहे की मराठवाडा वेरूळ-अजिंठ्याला संपतो आणि त्यापुढे माणसं जातात ती फक्त बदली झाली तर. मी बदलीवर गेले नव्हते. देवाला गेले नव्हते. तिकडे नातेवाईकही कुणी नाहीत. मी गेले होते एका धड्यातलं मीठ कमी करायला.

हसू नका. मलाही जाताना हसूच येत होतं. परतताना मात्र दातओठ खात आले, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही. उतरला की फक्त भाकरी, ठेचा आणि मोसंबी आठवतील, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

मी इथल्या एका कॉलेजात संगणक शिकवते. रिकाम्या वेळात, ओळखपाळख नसलेल्या काही मराठी माणसांबरोबर, वेबसाइट बनवण्याच्या एका सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. जगभरच्या लोकांनी ते मिळून लिहिलं, कुणीही उतरवून घ्यावं, आतून उघडून बघावं, हवं तसं बदलावं, पुढे द्यावं. परवान्यातली अट इतकीच, की आधी राबलेल्यांची नावं पुसायची नाहीत आणि आपल्याला मिळालेली मोकळीक पुढच्याला नाकारायची नाही. त्याचा उपयोग साधा आहे. एकदा वेबसाइट उभी केली की संगणकातलं काही न कळणारा माणूसही आपल्या नावाने आत शिरतो, मजकूर लिहितो, चूक दिसली तर सुधारतो. दरवेळी तंत्रज्ञाच्या पाया पडावं लागू नये, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

तर अशाच एका संध्याकाळी मला एक ईमेल आला. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी. पाठवणाऱ्या होत्या गौतमी खरात, जालना जिल्ह्यातल्या शिक्षिका. ऊसतोडीच्या हंगामात त्या साखर कारखान्याजवळच्या साखरशाळेत शिकवतात. साखरशाळा म्हणजे तोडणीला आलेल्या मजुरांच्या मुलांची हंगामी शाळा. पोरं दिवाळीनंतर गाव सोडतात ती उन्हाळ्यात परततात, आणि मधल्या महिन्यांत कुठला धडा झाला, कुठला राहिला याचा मेळ कुणालाच लागत नाही. म्हणून गौतमीबाईंनी आणि आणखी काही शिक्षकांनी सुटे सुटे, पानभराचे धडे लिहिले. एका शिक्षणसंस्थेने ते वेबसाइटवर टाकले. आता कुठल्याही जिल्ह्यातला साखरशाळेचा मास्तर जवळच्या सायबर कॅफेत जाऊन ते छापून घेऊ शकत होता. कल्पना इतकी चांगली, की मी खुर्चीतच सरळ होऊन बसले.

पण पुढे बाईंनी लिहिलं होतं: हगवण लागलेल्या मुलाला द्यायच्या साखर-मिठाच्या पाण्याचा त्यांचा धडा टाइप करताना उलटा झाला. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पाहिजे. वेबसाइटवर आहे सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर. दुरुस्तीसाठी मागे लागून दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं. वेबसाइट करणारे सर म्हणतात, शिक्षकाला स्वतः मजकूर बदलण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये नाही. एकदा साइट बंद पडली तेव्हा कोऱ्या पानावर सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, ते शोधत शोधत त्या मराठीकरणाच्या पानावर आणि तिथून माझ्यापर्यंत आल्या होत्या. शेवटी एकच प्रश्न: "खरंच सोय नाही का?"

मी उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. फोन केला. मग तिकीटच काढलं.

जालना

औरंगाबादहून सकाळच्या एसटीने निघाले. आमच्या कोकणात वळणाशिवाय रस्ता नसतो. इथे रस्ता सरळ, आभाळ भलंमोठं आणि दोन्ही बाजूंना वेचून संपत आलेल्या कपाशीची उभी शेतं. मध्येच पिवळी फुलं संपून शेंगांनी लगडलेली तूर. जालना जवळ आलं की बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या सुरू होतात, आणि मग लोखंडाच्या कारखान्यांचा धूर.

स्टँडवर गौतमीबाई उभ्या होत्या. उंच, सावळ्या, सुती साडी, खांद्याला भलीमोठी पिशवी. मी काही बोलायच्या आत माझी बॅग त्यांच्या हातात गेली होती.

"आल्या बराबर? मला वाटलं, न्हाईच यायच्या. रत्नागिरीहून कोण येतंय मिठासाठी!"

त्यांनी मला आधी मोसंबीच्या रसाच्या गाडीवर नेलं. गाडीवाले चाचा साल काढता काढता म्हणाले, "जालना, सोने का पालना. पहले का कहना है, बाई. आता पालना हाय, सोनं कुठंय?" रस मात्र सोन्यासारखाच होता. मी दुसरा ग्लास मागितला तेव्हा चाचांनी मान डोलावली, जणू माझी परीक्षा चालली होती आणि मी पास झाले होते.

रसात बर्फ नको म्हटलं तर गौतमीबाई हसल्या. "पाण्याला भिता व्हय? भ्यायलाच पाहिजे. आमच्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा." माझ्या घरी चार महिने छपरावर पाऊस कोसळतो आणि आम्ही त्याला शिव्या घालतो.

अंबड

मुक्काम बाईंच्या अंबडच्या घरी. यजमान एसटीत कंडक्टर, ड्यूटीवर होते. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ठेचा. आमटीचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून धार लागली. आमच्याकडे नारळ सगळं सांभाळून घेतो. इथे कुणी सांभाळून घेत नाही.

"तिखट झालं का?"

"नाही, नाही," म्हणाले आणि लोटाभर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आतून विचारलं, "सुशीला चालती ना तुम्हाला?" मला वाटलं कुणी मैत्रीण सोबत येणार आहे. मी म्हटलं, "चालेल की, बोलवा." थोड्या वेळाने ताटलीत फोडणी दिलेले ओले चुरमुरे आले. सुशीला ती हीच. बाईंना हसताना खुर्ची धरावी लागली. नंतर अख्ख्या प्रवासात त्या जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत राहिल्या.

पण मी आदल्या दुपारचं सांगायला हवं, कारण संताप तिथे सुरू झाला.

वेबसाइट करणाऱ्यांची संगणक संस्था बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या वर होती. चालक लोणकर सर. तिशी-पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. मी कॉलेजात शिकवते एवढंच बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि आपण होऊनच संगणक माझ्याकडे वळवला.

"मॅडम, हे आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर. आमची टीम वर्षभर बसून राह्यली यावर. सिक्युरिटी बिलकुल टाइट. कुणालाही आत शिरता येत न्हाई."

"शिक्षकांनाही नाही?"

"कुणालाच न्हाई. सगळं आमच्याकडून होतं."

शिक्षणसंस्थेची वेबसाइट समोर होती. वर संस्थेच्या अध्यक्षांचा, म्हणजे सगळ्यांच्या आबांचा, गळ्यात सत्काराचा हार असलेला फोटो, इतका मोठा की धडे बघायला खाली सरकावं लागत होतं. प्रत्येक धड्याखाली एकच ओळ: "लेखक: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर." बेरजेचा धडा, लेखक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. उसाच्या मोळ्यांवरून शिकवलेले पाढे, लेखक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. गौतमीबाई हे कितव्यांदा बघत होत्या कोण जाणे, पण त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. सगळ्यात खाली लोणकरांच्या संस्थेचं नाव आणि "सर्व हक्क राखीव".

मग त्यांनी पासवर्ड टाकून मला आतली बाजू दाखवली. पडदा बदलला आणि उजव्या कोपऱ्यात, जिथून माणूस बाहेर पडतो त्या बटणावर, मला एक शब्द दिसला: "येतो".

तो शब्द माझा होता.

आमच्या मराठीकरणाच्या गटात या बटणावरून भांडणं झाली होती. एकाला "निर्गमन" हवं होतं; ते रेल्वे स्टेशनवरच्या पाटीसारखं वाटत होतं. "बाहेर पडा" म्हणजे हाकलून दिल्यासारखं. मी म्हटलं, आपल्याकडे घरातून निघणारा माणूस "जातो" कधी म्हणत नाही, "येतो" म्हणतो. लोक हसले, पण त्याहून बरं कुणालाच सुचलं नाही, आणि त्या एका आवृत्तीत "येतो" गेलं. पुढच्या आवृत्तीत बहुमताने ते काढूनही टाकलं. जगात आणखी कुठल्या सॉफ्टवेअरात हे बटण असणं शक्य नव्हतं.

"हा शब्द कुणी सुचवला?" मी विचारलं.

"कुठला? हां, हा. आमची भाषांतराची टीम हाय ना."

"कुठे असते ती?"

"औरंगाबादला."

"नाही हो. रत्नागिरीला असते. आत्ता तुमच्यासमोर बसून चहा पितेय."

लोणकरांनी आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सॉफ्टवेअरचं खरं नाव सांगितलं, आवृत्ती सांगितली, ज्या ज्या पानांवरून त्यांनी लिहिणाऱ्यांची नावं आणि परवान्याचा मजकूर खोडला होता ती पानं सांगितली. माझा आवाज चढला होता. बाहेरच्या खोलीत टायपिंग शिकणाऱ्या मुलींचे हात थांबले. लोणकरांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, मंग मी पैसेच घेऊ नये का? माझा काही खर्चा हाय का न्हाई?"

"घ्या ना. खुशाल घ्या. परवान्यात कुठेही पैसे घेऊ नका असं लिहिलेलं नाही. तुम्ही साइट उभी केलीत, त्याची मजुरी घ्यायलाच हवी. पण हे माझं आहे, याला कुणी हात लावायचा नाही, असं सांगायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

"तुम्हाला इथली माणसं माहीत न्हाईत," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते मनापासून बोलत होते असं वाटलं. "फुकट मिळतं म्हणून सांगितलं असतं तर आबांनी मला दारात उभं केलं नसतं. फुकटाच्या वस्तूत लोकांना लगेच किडे दिसतात. आपलं हाय म्हणलं की किंमत येती."

त्यात तथ्य होतं, म्हणून मला आणखीच राग आला. "बरं, ते राहू द्या. आत्ता तुम्ही आतच आहात. त्या धड्यात मीठ आणि साखर यांची अदलाबदल करा. मिनिटभराचं काम आहे, मी सांगते तसं करा."

"तसं न्हाई करता येत. एकाचं ऐकलं की सगळे मास्तर रांग लावतील. महिन्याच्या अपडेटमध्ये घेऊ. नाहीतर आबांनी सांगावं."

"सर," गौतमीबाई म्हणाल्या, "कोल्हापूरकडच्या साखरशाळेतून मला फोन आल्ता. तिथल्या बाईनं धडा छापून त्यात लिहिलंय तसं पाणी केलं. लेकरू थुंकून राह्यलं म्हणून तिला शंका आली. ज्याला थुंकायचीबी ताकद न्हाई, त्यानं काय करायचं?"

"छापून घेणाऱ्यानं जरा डोकं वापरावं की," लोणकर म्हणाले, आणि "येतो" दाबून पडदा बंद केला.

जिन्यावरून मी तावातावाने उतरले. गौतमीबाईंनी खाली आल्यावर माझा दंड धरला. "ताई, तुम्ही नवीन हाय म्हणून तुम्हाला एवढं लागलं. मी हे दिवाळीपासून ऐकून राह्यले." मग दातांखाली शब्द धरून म्हणाल्या, "पण डोकं वापरावं म्हणला. ते आज नवीन होतं."

राजूर

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. आबा चतुर्थीला राजूरच्या गणपतीला हमखास जातात असं कळलं, म्हणून आम्ही अंबडहून जालना आणि जालन्याहून काळ्या-पिवळ्या जीपने राजूर गाठलं. जीपमध्ये इतकी माणसं होती की माझ्या मांडीवर कुणाच्या तरी पेढ्यांचा पुडा होता आणि तो कुणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही.

देवळाच्या वाटेवर नारळ-दुर्वांची दुकानं, खेळणी, भजी, गर्दी. गौतमीबाई चहाच्या टपरीपाशी थांबल्या. "मी इथंच हाय. आम्ही देवळात जात न्हाई, तुम्हाला माहिती असंल. तुम्ही दर्शन घेऊन या." त्यांच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धवंदना आहे, सकाळी मी ती ऐकली होती. आमच्याकडे अशी गोष्ट सांगताना लोक आवाज खाली आणतात. बाईंनी चहात किती साखर हवी ते सांगावं तसं सांगितलं.

मीही दर्शनाला गेले नाही. आबांची गाडी शोधत गेले आणि ते तिथेच सापडले, गाडीच्या उघड्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना खोबरं वाटत. साठीचे, प्रसन्न चेहऱ्याचे गृहस्थ. माझ्या हातावर खोबरं ठेवलं, शेजारची जागा झटकून दिली. गौतमीबाईंना मी बोलावून आणलं. आबांनी त्यांनाही "या बाई, या" केलं. कुणालाही आवडावा असा माणूस. म्हणूनच पुढचं ऐकताना मला दुप्पट चीड आली.

मी सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर कुणाचं, ते मोकळं कसं आहे, शिक्षकांना आत जाण्याची सोय पहिल्या दिवसापासून आहे, ती मुद्दाम बंद ठेवली आहे. आबा मान हलवत होते.

"फोटो बराबर दिसतो ना माझा?" त्यांनी विचारलं.

"दिसतो."

"मंग झालं की! बाकी तुमचं ते कॉम्प्युटरचं काय मला समजत न्हाई, ताई."

"आबा, फोटोचं नाही, धड्यांचं बोलतेय मी. एक तर या बाईंनी धडे लिहिले, त्यांचं नाव नाही."

"संस्थेचं नाव हाय ना? मास्तरीणबाईंना पगार सरकार देतं, नाव कशाला पाहिजे वरून?" हे बाईंच्या तोंडावर, हसत हसत.

"आणि त्यातला एक धडा उलटा छापलाय. साखरेच्या जागी मीठ आहे."

आबा मोठ्याने हसले. आजूबाजूचेही हसले. "मीठ काय, साखर काय, दोन्ही पांढरंच!"

गौतमीबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं खोबरं गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि उभ्या राहिल्या.

"आबा, तुमच्या नातवाला हगवण लागू द्या," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या संस्थेच्या धड्यातलं पाणी पाजा त्याला."

आबांचा चेहरा उतरला. एका कार्यकर्त्याने "ओ बाई, तोंड सांभाळा" म्हटलं, पण आबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. खिशातून मोबाइल काढला, लोणकरांना लावला. "अरे, ते मिठाचं काय हाय ते करून टाक जल्दी. हां. हां." फोन बंद. "करतो म्हणलाय. झालं का समाधान?"

परतीच्या जीपमध्ये बसलो. भजी घेतली होती ती तशीच राहिली. एका बाईच्या तोंडून देवळाच्या दारात नातवाचं असं काही निघावं, याचं कुणाला वाईट वाटलं असेल तर वाटो. मला वाटलं नाही.

अंतरवाली सराटीवरून अंकुशनगर

सकाळी सायबर कॅफे उघडल्याबरोबर पाहिलं. मीठ सहा चमचे. लोणकरांच्या संस्थेला कुलूप. खालचा कापडदुकानदार म्हणाला, "सर औरंगाबादला गेल्ते काल, आले न्हाईत."

मला तर भररस्त्यात ओरडावंसं वाटत होतं. बाईंनी नुसतं पिशवीचं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "चला कारखान्यावर. शाळा तरी बघा."

जीप वाटेत सवारी सोडायला अंतरवाली सराटीकडे वळली आणि तिथेच पंक्चर झाली. गावच्या चौकात चहाची टपरी आणि कॉइनबॉक्सचा फोन. ड्रायव्हर चाक बदलत होता तेवढ्यात बाईंनी टपरीवाल्याकडून पदरभर एक-एक रुपयाची नाणी घेतली आणि माहिती असलेल्या प्रत्येक साखरशाळेच्या मास्तरला फोन लावायला सुरुवात केली. "तो धडा छापला असंल तर फाडून टाका. व्हय, माझाच हाय. मीच सांगून राह्यले, फाडा." कधी मास्तर भेटला नाही, तिथे ज्याने उचलला त्याच्याकडे निरोप ठेवला. चौकात बसलेली माणसं ऐकत होती. चाक बसलं तरी बाईंचे फोन संपले नव्हते, आणि जीपमधल्या एकाही सवारीने "चला" म्हटलं नाही. ड्रायव्हर बॉनेटला टेकून उभा राहिला.

अंकुशनगर लांबूनच कळतं. आधी मळीचा आंबूस वास, मग उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग, मग धुराडं. मोकळ्या रानात तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या. त्यांच्या पलीकडे पत्र्याची शेड, ती साखरशाळा. मुलं चटयांवर बसली होती, धाकट्या भावंडांना मांडीवर घेऊन. फळ्यावर उसाची मोळी काढलेली होती. मी जे पाढे "लेखक: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" म्हणून वाचले होते, ते इथे पोरं गौतमीबाईंच्या चालीत म्हणत होती. मला भरून आलं आणि लगोलग संताप आला.

मधल्या सुट्टीत बाईंबरोबर शिकवणारे जाधव गुरुजी मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला एवढं येतं, तर त्यांचं कुलूप तोडून आत जाऊन दुरुस्त करा की."

"कुलूप तोडायचं नाही, गुरुजी. चोरी त्यांनी केलीय, मी कशाला करू? तेच सॉफ्टवेअर माझ्या पिशवीत सीडीवर आहे. आपण दुसरं घर बांधू."

कारखान्याच्या वसाहतीत एसटीडी-इंटरनेटचं दुकान होतं. गाळप सुरू असलं की कारखान्याची स्वतःची वीज असते, त्यामुळे अख्खा तालुका भारनियमनात अंधारलेला असताना तिथे पंखा फिरत होता. आमच्या मराठीकरणाच्या गटाची थोडी जागा सर्व्हरवर होती. गटातल्या मित्राला फोन करून ती मागून घेतली. इंटरनेट गोगलगाईसारखं. मी फाइली चढवत बसले आणि मागे गुरुजी व बाई भेळ खात, पडद्यावरची पट्टी पुढे सरकते का ते बघत बसले. एकदा जोडणी तुटली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. मी अशी शिवी दिली की दुकानदाराने रेडिओ मोठा केला.

ऊन उतरेपर्यंत साइट उभी राहिली. मी सगळ्या शिक्षकांची खाती उघडली. प्रत्येकाला आपलं नाव, आपला परवलीचा शब्द. मग खुर्चीवरून उठले आणि गौतमीबाईंना बसवलं.

त्यांना मराठी टाइप करायची सवय नव्हती. "ळ" कुठे आहे, "क्ष" कसा होतो, सगळं विचारत, एकेका बोटाने त्यांनी आपला धडा लिहिला. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मग वाचून दाखवला. मग "प्रकाशित करा" दाबलं. पान उघडलं, आणि बाईंनी मुद्दाम एक शब्द चुकीचा करून बघितला, परत आत जाऊन दुरुस्त केला, परत चुकवला, परत दुरुस्त केला.

"एवढंच होतं?" त्यांनी मला विचारलं. आवाज बारीक झाला होता. "ताई, दिवाळीपासून एवढ्याचसाठी मी त्याच्या पायऱ्या चढून राह्यले?"

मी "हो" म्हटलं. बाईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड इतकी घट्ट धरली की बोटांची पेरं पांढरी पडली. राजूरला आबांसमोर त्या एवढ्या चिडल्या नव्हत्या.

परत आल्यावर

इथे येऊन आता काही आठवडे झाले. बाईंच्या साइटवर धडे वाढताहेत. परभणीच्या एका मास्तराने अपूर्णांकांचे लिहिले, सांगलीकडच्या कुणी कानडी बोलणाऱ्या पोरांसाठी शब्दांचे तक्ते केले. लोणकरांच्या साइटवर सहा चमचे मीठ तसंच होतं. मी त्यांना ईमेल केले, परवान्याचा मजकूर पाठवला, फोन केले. शेवटी एकदा फोन उचलून म्हणाले, "मॅडम, तुम्ही अजून त्यातच आहात का?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही त्यातून बाहेर पडेपर्यंत मी त्यातच राहणार."

मग परवा पाहिलं तर त्यांच्या साइटवर मीठ अर्धा चमचा झालं होतं. झालं होतं म्हणजे लोणकरांनी बाईंच्या नव्या साइटवरचा अख्खा धडा उचलून आपल्याकडे चिकटवला होता. वर आबांचा फोटो, खाली "सर्व हक्क राखीव", लेखक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. माझं रक्त पुन्हा तापलं. फोन उचलून बाईंना लावला आणि सगळं एका दमात ओकून टाकलं.

"सगळा वाचला का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कशाला वाचू? माहितीच आहे."

"वाचा. तुम्ही गेल्यावर मी तो परत लिहिलाय."

मी फोन कानाला धरून वाचलं. लोणकरांच्या साइटवर, आबांच्या हाराखाली, धडा असा सुरू होत होता: "अंबडच्या गौतमीबाई खरात यांनी उकळून गार केलेलं लिटरभर पाणी घेतलं. मग गौतमीबाईंनी त्यात सहा सपाट चमचे साखर घातली." पुढे शेवटच्या ओळीपर्यंत ढवळत, चाखत, पाजत गौतमीबाईच होत्या.

"वरचं नाव तो पुसतो," पलीकडून बाई म्हणाल्या. "पोटातलं पुसायचं तर वाचावं लागतं. त्यानं एकदा जरी वाचलं असतं, तर मीठ साखरेच्या जागी गेलं असतं का?"

त्या हसत नव्हत्या. मीही हसले नाही.